पाळीच्या पोटातलं पोळं

सोमवार, २५ ऑगस्ट १९४१

आज सकाळी आमराईत सव्वीस मधमाश्यांची मुंडकी मोजली. नुसती मुंडकी. धडं गांधीलमाश्यांनी नेली.

तीस वर्षं शाळा चालवली, तेव्हा तपासायला येणाऱ्या साहेबांसाठी रोजची वही लिहावी लागे. पेन्शन झाली तरी हात गप्प बसत नाही. आता ही वही कोणी तपासत नाही, म्हणून खरं लिहिता येतं. खरं असं की मला राग आलेला आहे आणि तो बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून उतरलेला नाही.

त्या दिवशी आमगावहून केवलराम आला. माझ्या गंगाचा भासरा. त्याच्या भावानं, म्हणजे आमच्या जावयानं, मूल होत नाही म्हणून गंगाला दोन वर्षांपूर्वी माझ्या दारात आणून सोडलं आणि दुसरी केली. आता दुसरीला जुळं झालं, घरात हात कमी पडतात, तेव्हा यांना पहिलीची आठवण झाली. आणि त्या केवलरामच्या शेजारी माझ्याच ओसरीवर मांडी घालून कोण बसलं होतं? माझा थोरला भाऊ ईश्वरदास. म्हणतो, लेकीची जागा तिच्या घरी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओसरीवर जमलेल्या पंचांसमोर बोलून बसलो की गंगाला कोणाच्या तुकड्याची गरज नाही. वर्ध्याहून शिकून तिनं मधमाश्यांच्या चार पेट्या आणल्यात, त्यावर ती उभी राहील. चारी पेट्या दिवाळीपर्यंत जगल्या तर गंगा इथंच. एक जरी कमी झाली तर मी स्वतः तिला बैलगाडीत घालून आमगावला पोचवीन.

केवलराम लगेच म्हणाला, कबूल. ईश्वरदास म्हणाला, मास्तरचा शब्द आहे, साऱ्यांनी ऐकला. आणि दुसऱ्याच दिवशी या गांधीलमाश्या आल्या. बोटाच्या पेराएवढी एकेक, तपकिरी अंगावर पिवळा पट्टा. पेटीच्या तोंडासमोर हवेत तरंगत राहते, घरी येणारी दमलेली माशी झडप घालून धरते, आंब्याच्या फांदीवर बसून तिचं डोकं तोडते.

एकेकीला बघून घेतो.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

सापळे मांडले. कल्पना माझी. अरुंद गळ्याची मातीची गाडगी घेतली, तळाशी चार बोटं गुळाचं पाणी, वर चमचाभर मध. वासानं गांधील आत शिरेल, बाहेर पडायची वाट सापडणार नाही, बुडून मरेल. गंगा म्हणाली की मध घालू नका. मी म्हटलं, गूळ आणि मध कोणाला आवडत नाही?

संध्याकाळी पाहिलं. गांधीलमाश्या तीन. आमच्या मधमाश्या चाळीसच्या वर.

 गंगानं गाडगी उपडी केली, मेलेल्या माश्या पळसाच्या पानावर काढल्या आणि पेट्यांपासून लांब नेऊन पुरल्या. ती बोलली असती तर मला ओरडता तरी आलं असतं.

सोमवार, १ सप्टेंबर

मोहफुलं भिजत घालून चार दिवस आंबवली की मधमाशी त्या आंबट वासाला फिरकत नाही आणि गांधील मात्र उडी टाकते. हे गंगाला कुठून कळलं कोण जाणे. तिनं घागर आधीच घालून ठेवली होती. मोह, शिवाय तलावातल्या वाळल्या मासळीची डोकी, दोरीनं गाडग्याच्या तोंडाशी टांगलेली.

एका दिवसात सतरा गांधीलमाश्या. मी मोठ्यानं मोजल्या.

आमच्या मंडळींचं, यशोदाबाईंचं, म्हणणं पडलं की म्हातारपणी मास्तर दारू गाळायला लागले असं गावभर झालंय, आणि ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाक फेंदारलेलं असतं. मी म्हटलं, फेंदारू दे. मोह माझा, नाक गावाचं.

गुरुवार, ४ सप्टेंबर

उजव्या पायाला तीन डंख. पाय भोपळ्यासारखा सुजला. दरेकशाच्या रेल्वे लाईनीवर काम करणारा जागेश्वर, माझा जुना विद्यार्थी, भेटायला आला होता. त्यानं आपले जुने बूट दिले. घोट्याच्या वर येणारे, खाली खिळे ठोकलेले. आता आमराईत बेधडक फिरतो. गांधीलमाशी चिरडली की कर्रकन आवाज येतो. मला तो आवाज आवडायला लागला आहे.

बुटांवरून आठवलं. आमराईच्या वरचा हा तलाव आमच्या पणज्याच्या बापानं बांधला. आमची कोहळ्यांची जातच तलाव बांधणारी. आमच्या घराण्यात एक रीत आहे, तिला 'पाय लावणं' म्हणतात. पावसाळ्यात दर पंधरवड्याला घरातले भाऊ पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, बाहेरच्या पायथ्यानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अनवाणी चालत जातात. डोळ्याला दिसत नाही ते पावलाला कळतं. कुठं जमीन गार लागली की तिथं पाणी पाझरतंय समजायचं. आजोबा सांगत की साफ पाणी पाझरलं तर पाहुणा, गढूळ पाझरलं तर चोर. गढूळ म्हणजे पाळीच्या पोटातली माती वाहून चालली.

ईश्वरदास आणि मी दोन वर्षांत पाय लावलेला नाही. गंगाला घरी ठेवून घेतली त्या दिवशी बोलणं तुटलं. पाळीचा पूर्वेचा अर्धा भाग माझ्याकडे, पश्चिमेचा त्याच्याकडे. माझी आमराई त्याच्या भागाखाली येते, तो वाटणीचा घोळ वडिलांचा. माझ्या भागावर मी नजर ठेवतो. नजर पुरते.

सोमवार, ८ सप्टेंबर

पोळं सापडलं.

पाच दिवस त्यांच्या मागं फिरलो. पाळीच्या पायथ्याशी, मोठ्या आंब्यामागं एक हातभर जागा आहे, तिथं त्या चिखलावर बसून पाणी पितात. आठ दिवसांत थेंब पडला नाही तरी तिथली माती ओली, सावलीमुळे असणार. तिथून सरळ वर उडतात आणि पुरुषभर उंचीवर, बाभळीच्या जुन्या खुंटाशेजारी पाळीला भोक आहे, त्यात शिरतात. ईश्वरदासच्या भागात! माझ्या मुलीच्या माश्या मारणारी फौज माझ्या भावाच्या पाळीत पोसली जाते आहे. मग कोणाला संशय येणार नाही?

तसाच त्याच्या घरी गेलो. दोन वर्षांनी. बसायला कोणी सांगितलं नाही. मी म्हटलं की उद्या कुदळ घेऊन येतो आणि ते भोक उकरतो. त्यानं सुपारी कातरणं थांबवलं नाही.

"तलाव भरला हाय. भरल्या तलावाच्या पारीले कुदळ लावशीन त हात तोडीन. मंग तू भाऊ असो का मास्तर असो."

मी म्हटलं, तुला गंगा जायला हवी आहे म्हणून तू गांधीलमाश्या राखतोस. तो म्हणाला, तुझं डोकं मोहानं आंबलं आहे. एवढंच बोलणं झालं.

शनिवार, १३ सप्टेंबर

आजची संख्या एकसष्ट. आजवरची सर्वांत मोठी. तरीही कमी होत नाहीत.

तीन नंबरची पेटी अशक्त झाली आहे. गंगानं बांबूच्या कामट्या तासून चारी पेट्यांच्या तोंडाला बारीक फटींचं दार बसवलं. मधमाशी सुटसुटीत आत जाते, गांधीलला डोकं घालता येत नाही. त्यानंतर मुंडकी कमी दिसतात. पण खरं काम सापळ्यांचं.

गंगा आज म्हणाली, "बा, आंब्यामागं पाय गार लागून राह्यले."

मी म्हटलं, अनवाणी कशाला फिरतेस, डंख बसला म्हणजे कळेल. यशोदाबाईंना सांगून तिच्यासाठी जुन्या चपला काढायला लावल्या. तिनं घातल्या नाहीत. हट्टीपणा कुठून आला देव जाणे.

बुधवार, १७ सप्टेंबर

गंगा पुन्हा तेच. म्हणे आंब्यामागचं पाणी काल साफ होतं, आज मातकट आहे. मी तिला समजावलं की शेकड्यांनी गांधीलमाश्या तिथं चिखल चिवडतात, पाणी मातकट होणार नाही तर काय होणार? प्रत्येक गोष्टीला कारण असतं, ते शोधावं लागतं. शाळेत मी हेच शिकवलं.

नंतर कळलं ते फार वाईट. ती मला न सांगता ईश्वरदासकडे गेली होती. त्यानं तिला दारातूनच विचारलं, तुझ्या बापानं पाठवली का? पाळ उकरायला निमित्त पाहिजे का? आणि परत पाठवली. मी तिला खूप बोललो. ज्या माणसानं तुला हाकलायला मांडी घातली त्याच्या दारात जातेस? लाज नाही? ती ऐकून घेत होती आणि कामटी तासत होती. तिच्या तशा ऐकून घेण्यानं मला जास्तच राग येतो.

रविवार, २८ सप्टेंबर

दहा दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, मारण्यासारखं खूप होतं.

हस्त लागला आणि काल दुपारपासून आभाळ फाटलं. गाडग्यांत पावसाचं पाणी भरलं, मोह वाहून गेला, सापळे फुकट. गांधीलमाश्या मात्र उघडीप मिळाली की हजर. तीन नंबरच्या पेटीची कामटी त्यांनी कुरतडली. आत पाहिलं तर मूठभर माश्या राहिल्या आहेत, राणी आहे. दिवाळीला बावीस दिवस. अशी चालली तर तीन नंबर जगत नाही, आणि तीन नंबर गेली की माझा शब्द.

तलाव सांडव्याला टेकला आहे. सगळा गाव खूष, धानाला शेवटचं पाणी मिळालं. मला काही सुचत नाही. कुदळ कोपऱ्यात दिसते.

मंगळवार, ३० सप्टेंबर. दसरा.

आज लिहिता येत नाही.  उद्या.

बुधवार, १ ऑक्टोबर

सगळं क्रमानं लिहितो. शिक्षा म्हणून लिहितो.

काल सकाळी पाऊस थांबला. घरात कुदळ, फावडं, विळा पुजायला मांडले होते, हळदकुंकू लावलं होतं. दसऱ्याला पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत, हे पोरासोरांना ठाऊक. मी कुदळ उचलली. यशोदाबाई आडव्या आल्या. मी म्हटलं, आज सीमोल्लंघन, आणि बाजूनं निघून गेलो.

घासलेटात भिजवलेला बोळा काठीला बांधून भोकात घातला आणि पेटवला. आत जी घरघर झाली ती ऐकून मला किती आनंद झाला, ते लिहायला आता लाज वाटते. जळक्या गांधीलमाश्या पावसासारख्या पडल्या. मग कुदळ चालवली. दहा-बारा घाव. टोपलीएवढं पोळं निघालं, राखाडी, कागदासारखं. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि जिंकलो, जिंकलो म्हणून ओरडलो. आमराईत ऐकायला एकटी गंगा होती.

पोळ्यामागं पोकळी होती. घुशीचं जुनं बीळ, पाळीच्या पोटात खोल खाली गेलेलं. त्या पोकळीतून तपकिरी पाण्याची एक धार आली. करंगळीएवढी. मी बघत राहिलो. ती मनगटाएवढी झाली. पायथ्याशी आंब्यामागं चिखल उकळल्यासारखा वर येत होता, आणि मी त्यात उभा होतो, बूट घालून, आणि मला काहीही कळत नव्हतं. बुटाच्या वरून पाणी आत शिरलं तेव्हा गार लागलं.

गार लागलं तेव्हा तिची सगळी वाक्यं आठवली.

गंगानं हाक मारली तशी ईश्वरदास धावत आला. सत्तरीला टेकलेला माणूस, अनवाणी. मागोमाग गाव. त्यानं भोक पाहिलं, पाळीवर चढला आणि म्हणाला की बाहेरून बुजवून उपयोग नाही, आतून तोंड सापडलं पाहिजे. तो उतरणार तोच गंगा तलावात उतरली होती. गळ्याएवढ्या पाण्यात पाळीला धरून ती पायानं चाचपत गेली आणि एका जागी थांबली. "इथं. पाय वढून राह्यलं."

तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, भारा दाबला. भोकानं तो गिळला आणि माझ्या बाजूला बाहेर फेकला. दुसरा दिला, तोही गेला. ईश्वरदास म्हणाला, काहीतरी टणक पाहिजे, हातभर रुंद, लाकडाचं, जे ओढलं जाईल आणि अडकेल. माणसं घराकडे पळाली. घरं लांब.

गंगा म्हणाली, "पेटी आना. तीन नंबर आन् चार नंबर."

मी म्हटलं, पेटी नाही. खरंच म्हटलं. चारशे घरांचं धान खाली उभं आणि मी म्हणतो पेटी नाही. माझ्या डोळ्यांसमोर केवलराम आणि बैलगाडी.

"बा, मी सांगून राह्यली. पेटी आना."

आणल्या. झाकणं काढून मी माश्या आंब्याच्या बुंध्यावर झटकल्या. त्या मला डसल्या. चेहऱ्यावर, मानेवर, डंख मोजले नाहीत. त्यांचा हक्कच होता. पेट्यांत काळी माती ठासून भरली, ईश्वरदासनं त्या गंगाच्या हातात दिल्या, तिनं पाण्याखाली जाऊन एकामागं एक दाबल्या. दुसरी बसली तसा पाण्याची ओढ कमी झाली. मग तणस, मग टोपल्यांनी माती, पन्नास हात. दुपार होईतो धार थांबली.

ईश्वरदास खाली आला. मी वाट पाहत होतो की आता तो हात तोडील, निदान शिवी देईल. त्यानं माझ्या बुटांकडे पाहिलं. मग तो घरी गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

चार नंबरच्या माश्या संध्याकाळपर्यंत आंब्यावर घोस करून होत्या. आज पहाटे उठून डोंगराकडे गेल्या. तीन नंबरच्या कुठं गेल्या, कळलं नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

गांधीलमाश्या नाहीत. एकही नाही. एक आणि दोन नंबरच्या पेट्या जोरात आहेत. आमराईत इतकं शांत आहे की बसवत नाही.

मी रोज पाळीला माती घालतो. ईश्वरदास त्याच्या बाजूनं घालतो. बोलत नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. दिवाळीचा दुसरा दिवस.

केवलराम आला. गाडी आणली होती, गाडीत गवत अंथरलं होतं. पंच बसले. ईश्वरदासही आला आणि या खेपेला भिंतीला टेकून वेगळा बसला. गंगा दारात उभी होती.

केवलरामनं सरळ विचारलं, पेट्या किती? मी आयुष्यात खोटं बोललो नाही, निदान पंचांसमोर नाही. मी म्हटलं, दोन.  केवलराम उठायला लागला.

तेव्हा ईश्वरदास बोलला. "बस. मास्तरले मोजता येत नाई. दोन आमराईत, दोन पारीत. चार."

केवलराम म्हणाला, पाळीतल्या जगल्या कुठं? त्यांतल्या माश्या तर गेल्या.

"त्यायच्याच भरोशावर साऱ्या गावाचा धान उभा हाय. मेल्या म्हनाची कोनाची छाती हाय, त्यानं म्हनावं." पंचांपैकी कोणाची नव्हती. मग तो दाराकडे वळला. "पन माह्यं राहू दे. गंगा, तू सांग."

गंगा दारातून पुढे आली. "मले आज पयल्यांदा कोनी इचारलं, मोठेबा," ती म्हणाली. "मी नाई जात."

एवढंच. आवाजही चढवला नाही. केवलराम थोडं कुरकुरला, चहा न घेता गेला, गवत अंथरलेली गाडी रिकामी गेली.

आता दिवा जवळ घेऊन ही वही मागून वाचली. प्रत्येक पानावर तिचं नाव आहे. ती काय म्हणाली ते मी सगळं लिहिलंय, एक वाक्य सोडलं नाही. तिला मी काही विचारल्याचं मात्र एकाही पानावर नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या आयुष्याचा शब्द पंचांना दिला, तेव्हा ती आत चूल फुंकत होती. दोन महिने मी कोणाकोणावर रागावलो, त्याची ही यादी आहे, आणि ज्याच्यावर रागवायचं होतं तो इथं बसून लिहितो आहे. मला स्वतःची चीड येते. ती उतरू नये.

बुधवार, २२ ऑक्टोबर

बूट जागेश्वरला परत पाठवले.

सकाळी ईश्वरदास अंगणात आला. आत आला नाही. तिथूनच म्हणाला, "चाल, पाय लावू." मी उठलो. तो म्हणाला, तुला नाही, गंगाला. आमच्या घराण्यात लेकींनी पाय लावल्याचं मी ऐकलेलं नाही. तिनं हातातली कामटी खाली ठेवली, पदर खोचला आणि त्याच्यापुढे चालायला लागली.

मला कोणी बोलावलं नाही, पण नकोही म्हटलं नाही. मी मागून गेलो, अनवाणी. आंब्यामागं तिनं पाऊल टेकवलं, थांबली, मान हलवली आणि पुढे गेली. तिच्या पावलावर मी माझं ठेवलं. जमीन कोरडी होती.